टॉय हॉलरमधलं सामान आणि जागा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सजवळ राहतो. ऑक्टोबर लागला, उन्हाचा जोर ओसरला, की आमचा ट्रेलर भाड्याच्या पार्किंगमधून बाहेर निघतो. कधी कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्या, कधी युटातलं सँड हॉलो, कधी मोॲब. मंडळातली आणि ऑफिसातली ओळखीची काही कुटुंबं गेल्या काही वर्षांत टॉय हॉलर, म्हणजे मागच्या गॅरेजमध्ये बाइक, क्वाड घेऊन जाता येणारा राहायचा ट्रेलर, घेऊ लागली आहेत. घेतल्यावर महिन्याभरात त्यांचा फोन येतो : "ट्रेलर एवढा मोठा, तरी सामान मावत नाही. तुम्ही कसं लावता?" फोनवर तेच तेच सांगत आलो, ते आता इथे लिहून ठेवलं आहे. आमचा ट्रेलर ट्रकच्या मागच्या हिचला, म्हणजे बंपरखालच्या जोडणीला, जोडायचा आहे. फिफ्थ व्हीलला, म्हणजे ट्रकच्या हौदातल्या जोडणीवर बसणाऱ्या ट्रेलरला, जिथे वेगळं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

टॉय हॉलर आणि साधा कॅम्पर यांत सामानाच्या दृष्टीने फरक काय?

टॉय हॉलरची मागची भिंत रॅम्प होऊन खाली येते आणि तिच्यावरून डर्ट बाइक, क्वाड (चार चाकांची बाइक) किंवा साइड-बाय-साइड (शेजारी शेजारी सीटं असलेली, कच्च्या रस्त्याची छोटी गाडी) आत चढते. पुढे नुसतं "गाडी" म्हटलं की यांतलीच एक. गॅरेजची लांबी बहुतेक ट्रेलरांत १० ते १४ फूट असते. पुढच्या भागात ओटा, बाथरूम, झोपायची खोली. बऱ्याच ट्रेलरांत गॅरेजमधले पलंग मोटरवर छताला जाऊन चिकटतात आणि सोफे भिंतीला मिटतात. म्हणजे एकच खोली रस्त्यावर असताना गॅरेज, दुपारी बैठक आणि रात्री झोपायची खोली.

खरी अडचण इथेच आहे. गाडीच्या आजूबाजूला, सीटवर, सीटखाली कोंबलेलं सामान प्रवासात छान बसतं. मुक्कामाला पोचून गाडी बाहेर काढली की तेच सामान खोलीच्या मधोमध येऊन पडतं. म्हणून आम्ही प्रत्येक वस्तूला दोन जागा ठरवतो : प्रवासातली आणि मुक्कामातली. घडीच्या खुर्च्या प्रवासात गाडीच्या बाजूला उभ्या बांधलेल्या असतात, मुक्कामात बाहेर चटईवर. गाद्या-पांघरुणं प्रवासात पुढच्या पलंगावर, रात्री गॅरेजमध्ये. ज्या वस्तूला मुक्कामातली जागा सुचत नाही ती आम्ही नेत नाही. एवढ्या एका नियमाने आमचं निम्मं सामान कमी झालं.

सुरुवात कुठून करावी? कोणते डबे, कोणत्या टोपल्या घ्याव्यात?

आधी काहीच घेऊ नका. ट्रेलरच्या दाराजवळची पिवळी पट्टी वाचा. ट्रेलरमध्ये जास्तीत जास्त किती पौंड सामान भरता येईल तो आकडा तिच्यावर छापलेला असतो. पाण्याची टाकी भरली तर तिचं वजनही त्याच आकड्यातून जातं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

एक हिशेब मांडून दाखवतो. समजा, पट्टीवर ३,५०० पौंड आहेत. पाण्याची टाकी १०० गॅलनची. पाण्याचं वजन गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे टाकी भरून नेली की ८३४ पौंड गेले. ट्रेलरमधली, गाड्यांसाठीची पेट्रोलची टाकी ३० गॅलनची, गॅलनला साधारण ६.१ पौंड, म्हणजे १८३. दोन सीटची साइड-बाय-साइड पेट्रोल-तेलासकट १,६०० धरा. बेरीज २,६१७. राहिले ८८३ पौंड. यात हत्यारं, खुर्च्या-टेबल, कपडे, अंथरूण-पांघरूण, हेल्मेटं, भांडी, किराणा सगळं यायला हवं. चार सीटची गाडी असेल तर हे ८८३ आणखी खाली येतात.

बाथरूमचा वजनकाटा घ्या आणि प्रत्येक पेटी भरल्यावर त्यावर ठेवा. आमच्या प्रत्येक पेटीवर कागदी टेप आहे आणि त्यावर मार्करने लिहिलं आहे : "पट्टे, साखळ्या – ३१ पौंड", "बाहेरचे दिवे, वायरी – १८ पौंड". एका माणसाला रॅम्पवरून खाली उतरवता येईल इतकीच पेटी भरायची. आम्ही ३५ पौंडांवर जात नाही. हे सगळं झाल्यावर किती पेट्या, कोणत्या मापाच्या, ते आपोआप कळतं. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी पेट्या आणल्या, तर रिकामी पेटी दिसली की ती भरावीशी वाटतेच.

आख्ख्या ट्रेलरचं वजन कसं मोजायचं?

हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. तीन पत्रे असतात : ट्रकची पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. आत बसूनच बटण दाबून बोलायचं, चार-पाच मिनिटांत कागद हातात. मग ट्रेलर सोडून फक्त ट्रक परत काट्यावर न्यायचा.

आता वजाबाकी. एकटा ट्रक ७,४०० पौंड भरला. ट्रेलर जोडल्यावर ट्रकच्या चारी चाकांवर मिळून ८,६०० आले. म्हणजे हिचवर १,२०० पौंड आहेत. ट्रेलरच्या चाकांवर ८,८०० आहेत. दोन्ही मिळून ट्रेलर १०,००० पौंडांचा आणि त्याचे १२ टक्के हिचवर. वजन वाटणारे स्प्रिंग बार लावत असाल तर या मोजणीपुरते ते सोडून ठेवा, नाहीतर आकडा फसवा येतो.

काटा वापरायचा तो सहलीला निघाल्यासारखा ट्रेलर पूर्ण भरून. पाणी, पेट्रोल, माणसं, डब्यातल्या दशम्यासुद्धा.

हिचवर किती वजन हवं? आणि गाडी आत चढवली की ते बदलतं का?

हिचला जोडायच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के. फिफ्थ व्हीलला जास्त लागतं, साधारण २० ते २५. फिफ्थ व्हीलचा भार थेट ट्रकच्या मागच्या चाकांच्या डोक्यावर येतो, म्हणून त्याला ते पेलतं.

आणि हो, बदलतं, बरंच बदलतं. लहानपणीचा सी-सॉ आठवा. ट्रेलरचे ॲक्सल, म्हणजे चाकांचे आडवे दांडे, हा मधला टेकू. गॅरेज बहुतेक ट्रेलरांत ॲक्सलच्या मागे पसरलेलं असतं, त्यामुळे मागे गाडी चढली की पुढचं टोक हलकं होतं. हिचवरचं वजन १० टक्क्यांच्या खाली गेलं तर वेगात ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे झुलायला लागतं. बाजूने मोठा ट्रक गेला, उतार आला, वाऱ्याचा झोत आला की झुलणं वाढतं. तसं झालंच तर ट्रकचा ब्रेक जोरात दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ट्रकमधल्या ब्रेक कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावा. पण मुळात ती वेळ यायला नको असेल तर सामानच नीट लावायला हवं.

आमची पद्धत : गॅरेजमध्ये फक्त गाडी आणि हलकं सामान. हत्यारांची पेटी, पाण्याचे कॅन, धान्य, सगळं जड ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत. गाडी न नेता नुसतं कॅम्पिंगला जायचं असेल तर उलटा प्रश्न येतो. मागे काहीच नसल्याने पुढचं टोक जड होतं, तेव्हा काही पेट्या मागे सरकवतो. पाण्याची टाकी कुठे आहे हेही ट्रेलरखाली वाकून एकदा पाहून घ्या. ८०० पौंड ॲक्सलच्या पुढे आहेत की मागे, याने सगळं गणित फिरतं.

गाडी चढवताना ट्रेलर ट्रकला जोडलेला असायलाच हवा का?

हो. याच्यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसऱ्याच सहलीत मुक्काम हलवायचा होता. ट्रक वेगळा उभा होता, ट्रेलर पुढच्या जॅकवर. म्हटलं, आधी गाडी आत घेऊ, मग ट्रक जोडू. रॅम्पवर पुढची चाकं चढली तोवर सगळं ठीक होतं. मागची चाकं चढली आणि माझ्या समोरची जमीन तिरकी झाली. आत भांड्यांचा खळखळाट झाला. बायको बाहेरून ओरडली, "थांब, पुढचा जॅक उचललाय!" जॅकचा पाय जमिनीपासून वीतभर वर होता. मी गाडी तिथेच ब्रेकवर धरली. मागे यावं तरी धोका, पुढे जावं तरी धोका. शेवटी मी अगदी हळू पुढे सरकलो, वजन ॲक्सलच्या जवळ आलं तसा जॅक धप्पकन खाली बसला. कुणी त्या वेळी हिचपाशी वाकलेलं नव्हतं हे नशीब. त्या ठिकाणी पाच मिनिटांपूर्वी मुलगा चेंडू शोधत होता.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. ट्रक जोडायचा, चाकांना ठोकळे लावायचे, मागचे आधाराचे जॅक टेकवायचे, मुलं पुढे सावलीत बसवायची, आणि मगच गाडी आत. रॅम्पवर किती वजन चालेल तो आकडा रॅम्पवरच लिहिलेला असतो. त्यात गाडीसोबत चालवणारा माणूसही धरायचा. रॅम्प दोऱ्यांवर आडवा ठेवून त्याचा ओटा करता येत असेल तर त्या स्थितीतला आकडा वेगळा असतो, तोही पाहा.

गाडी आत मावते हे कसं कळणार?

दोन सीटची साइड-बाय-साइड साधारण १० फूट लांब असते, चार सीटची १२ फुटांच्या वर. रुंदी आजकालच्या दणकट गाड्यांची ६४ इंच आणि काहींची ७२. गॅरेजची लांबी माहितीपत्रकातली धरू नका. मिटलेला सोफा, वर चढवलेल्या पलंगाची उंची, फ्रिजचा कोपरा हे सगळं धरून टेपने मोजा. आणि गाडी आत घेतल्यावर चालवणाऱ्याला दार उघडून बाहेर यायला जागा राहते का, तेही. आमच्या एका मित्राला दर वेळी खिडकीतून बाहेर यावं लागत असे. शेवटी त्याने सोफाच काढून टाकला.

बांधणी कशी करायची?

चार कोपऱ्यांना चार रॅचेटचे पट्टे, जमिनीतल्या लोखंडी कड्यांना. पुढचे पट्टे पुढे खेचणारे, मागचे मागे खेचणारे, म्हणजे गाडीला कुठल्याच दिशेला सरकायला वाव नको. कडी चौकटीला बोल्टने पकडलेली आहे ना, हे ट्रेलरखाली जाऊन पाहा. नुसत्या प्लायवूडमध्ये बसवलेली कडी एका जोरदार ब्रेकला उखडून येते.

पट्ट्याच्या शिवणीजवळ लेबलवर दोन आकडे असतात. मोठा आकडा पट्टा तुटायचा, लहान आकडा कामाचा, आणि तो मोठ्याच्या एक तृतीयांश असतो. विकत घेताना लहान आकडा बघा. दुकानात मोठा आकडा ठळक छापलेला असतो.

डर्ट बाइकला पुढचं चाक अडकवायचा खाचा असलेला स्टँड हवाच. पट्टे हँडलजवळून ओढताना पुढचा सस्पेन्शन निम्म्याच्या आसपास दबला की थांबा. अगदी तळापर्यंत दाबलं तर सील गळायला लागतात. मऊ फासे वापरा, म्हणजे हुकाने रंग खरवडत नाही. निघाल्यावर पहिल्या १५-२० मैलांत थांबून पट्टे परत घट्ट करा. रस्त्याच्या हादऱ्यांनी गाडी जागेवर बसते आणि पट्टे सैल पडतात. हे दर वेळी होतं, नवीन पट्टे असले तरी.

पट्ट्यांचं उरलेलं टोक गुंडाळून रबरने बांधा, नाहीतर ते चाकाखाली तरी जातं नाहीतर दारात तरी अडकतं.

पेट्रोलचा वास कसा घालवायचा?

आधी शब्दांचा घोळ काढू. इथे पेट्रोललाही गॅस म्हणतात आणि आपण शेगडीच्या प्रोपेनलाही. मी पेट्रोल आणि प्रोपेन असंच लिहितो, कारण या दोघांची गाठ पडू न देणं हेच इथलं काम आहे.

पेट्रोलचा सुटा कॅन गॅरेजमध्ये नेऊ नका. आमचे लाल कॅन ट्रकच्या उघड्या हौदात बांधलेले असतात. पंपावर ते भरताना खाली जमिनीवर ठेवायचे, हौदात ठेवून भरायचे नाहीत. प्लॅस्टिकवर साचलेल्या स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. बऱ्याच टॉय हॉलरांत गाड्यांसाठी पेट्रोलची वेगळी टाकी आणि पंप असतो. ते असेल तर सुट्या कॅनची गरजच उरत नाही. फक्त भरताना जनरेटर बंद, प्रोपेनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, शेगडीपाशी कुणी नको.

जुन्या कार्ब्युरेटरच्या बाइकला पेट्रोलची चावी असते, ती प्रवासात बंद करायची. टाकी काठोकाठ भरून आत घ्यायची नाही. ऊन लागून पेट्रोल फुगतं आणि झाकणातून पाझरतं.

पेट्रोलची वाफ आणि प्रोपेन दोन्ही हवेपेक्षा जड, दोन्ही जमिनीलगत साचतात. म्हणून गॅस सांगणारी सूचक घंटी खाली, पायाशी बसवलेली असते, आणि अनेक ट्रेलरांत गॅरेजच्या भिंतीला खाली हवेच्या जाळ्या असतात. त्यांच्यासमोर पेट्या रचू नका. मी पाहिलेल्या बहुतेक ट्रेलरांत नेमकं तेच झालेलं असतं, कारण तो कोपरा रिकामा दिसतो. गाडी बाहेर काढल्यावर रॅम्प आणि खिडक्या उघड्या ठेवून खोली तासभर तरी हवेशीर होऊ द्या, मगच अंथरुणं घाला. गाडी किंवा पेट्रोल आत असताना तिथे कुणीही झोपायचं नाही. गॅरेजमध्ये झोपणाऱ्यांसाठी संकटाच्या वेळी बाहेर पडायची खिडकी असते, तिच्यासमोरही काही नको.

आपला स्वयंपाक कसा बसवायचा? एवढे डबे कुठे ठेवायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात आवडतो.

तत्त्व तेच : जड खाली, हलकं वर. वरच्या कपाटांत पोहे, चुरमुरे, पापड, चहा, कागदी ताटल्या. खालच्या खणांत कुकर, तवा, तांदूळ, डाळ, तेल. वरचं दार रस्त्यात उघडलं तर पोह्यांचा पुडा पडेल, कुकर पडणार नाही. कपाटांच्या मूळच्या खिट्ट्या हादऱ्यांनी सुटतात. लहान मुलांच्या घरात लावतात त्या खिट्ट्या आम्ही सगळ्या दारांना लावल्या.

घरचे चापट झाकणाचे स्टीलचे डबे घरीच राहू द्या. कच्च्या रस्त्याच्या खडखडाटाने त्यांची झाकणं आपोआप निघतात. मिसळणाच्या डब्याचं तर नक्कीच. मोॲबच्या वाटेवर एका कच्च्या रस्त्याला आमचा उघडला. हळद, तिखट, मोहरी सगळं खणातून जमिनीवर आणि तिथून स्लाइडच्या, म्हणजे मुक्कामात बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या भागाच्या, खाली. मोहरी झाडली, तिखट पुसलं, पण स्लाइडच्या रबरी पट्टीत हळदीची पिवळी रेघ अजून आहे. आता आम्ही फिरकीच्या झाकणाच्या सात छोट्या बाटल्या नेतो, एका चौकोनी टोपलीत घट्ट बसणाऱ्या. काचेच्या नाहीत. लोणच्याची बरणीही प्लॅस्टिकची.

कणीक पुढच्या भागात, रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. कणीक वास पकडते. एकदा गॅरेजजवळच्या खणात ठेवली होती आणि तीन दिवस पोळ्यांना पेट्रोलचा वास होता. कुणी बोललं नाही, पण पोळ्या उरल्या.

तवा उभा ठेवतो, दोन्ही बाजूंना जुने पंचे. शेगडीवरची लोखंडी जाळी काढून तीही पंच्यात गुंडाळून सिंकमध्ये. नाहीतर आख्खा रस्ताभर टणटण. कुकर सोडू नका. जागा खातो म्हणून बरेच जण घरी ठेवतात. कोलोराडोत नऊ-दहा हजार फुटांवर पाणी कमी तापमानालाच उकळतं, तिथे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही आणि प्रोपेन मात्र जात राहतो. कुकरच्या आतच डाळ-तांदळाच्या पिशव्या आणि शिट्टी ठेवली की त्याची जागाही वाया जात नाही.

फ्रिजमध्ये पडद्याच्या स्प्रिंगच्या दांड्या आडव्या लावा, म्हणजे दार उघडल्यावर दही अंगावर येत नाही. आणि पहिल्या संध्याकाळी स्वयंपाक करायचाच नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही घरून. पोचल्यावर ट्रेलर समतोल करणं, पाणी जोडणं, गाडी उतरवणं यातच अंधार पडतो, त्यात ओट्यावरचं सामान काढायची घाई नको.

वाळू, धूळ, मळलेले बूट यांचं काय करता?

ग्लॅमिसची वाळू पिठासारखी बारीक असते. ती आत आली की आठवडाभर ताटात येते. आमच्याकडे दारात एक उथळ रबरी ट्रे आहे, बूट तिथेच उतरतात. हेल्मेट, जॅकेट, गॉगल, हातमोजे प्रत्येकाच्या जाळीच्या पिशवीत. जाळी अशासाठी की घाम वाळतो आणि वाळू पिशवीतून खाली पडते. पिशव्या बाहेर छत्रीच्या दांडीला झटकून मग आतल्या हुकांवर. हुक मुलांच्या उंचीवर लावले आहेत. मोठ्यांच्या उंचीवर होते तोवर मुलं सगळं जमिनीवर टाकत.

रॅम्प बंद करण्याआधी कडेचा रबर आणि बिजागऱ्या ब्रशने झाडा. त्यात वाळू राहिली तर रॅम्प घट्ट बसत नाही आणि परतीच्या वाटेवर त्या फटीतून धूळ आत येत राहते.

लांब वस्तू कुठे ठेवायच्या?

ग्लॅमिसला प्रत्येक गाडीवर जमिनीपासून ८ फूट उंचीची झेंड्याची दांडी सक्तीची आहे, म्हणजे टेकडीपलीकडची गाडी दिसते. दोन तुकड्यांत सुटणारी दांडी घ्या. आम्ही ती, फावडं आणि मासेमारीच्या काठ्या भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे वेलक्रोच्या पट्ट्यांनी आडव्या बांधतो. ती जागा एरवी कुणाच्याच उपयोगाची नसते.

हत्यारं किती न्यायची?

गाडीच्या मापाचे सॉकेट, टॉर्क रेंच, टायर दुरुस्तीचा संच, हवेचा कॉम्प्रेसर, जंपर केबल, चिकटपट्टी, तार. एवढं पुरे. घरची आख्खी पेटी नेऊ नका, ती सहज शंभर पौंड भरते. घरी एकदा गाडीचं चाक आणि बेल्ट काढून बसवा. त्या वेळी हात ज्या ज्या हत्याराकडे गेला तेवढीच वेगळी काढा. कॉम्प्रेसर दाराजवळ हवा, कारण वाळूत जाण्याआधी टायरची हवा कमी करतात आणि परतताना भरावीच लागते.

भिंतीत स्क्रू मारून रॅक लावले तर चालतील का?

हलक्या वस्तूंसाठी, आतली चौकट शोधून, हो. नुसत्या पातळ फळीत मारलेला स्क्रू पहिल्याच खड्ड्याला निघतो. मागे वायरी आणि पाण्याच्या नळ्या असतात, म्हणून लहान स्क्रू आणि आधी चौकशी. जमीन तर कधीच भोसकू नका. खाली टाक्या आहेत.

पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या एकत्र ठेवल्या तर?

नको. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी झाकणाच्या पेटीत, सांडपाण्याची वेगळ्या बाजूच्या कप्प्यात, तिचे हातमोजे तिच्यासोबतच. दोन्हींची भेट होता कामा नये.

मुलांच्या सामानाला काही मर्यादा?

प्रत्येकाला एक मऊ पिशवी. जे मावेल ते त्यांचं, निवड त्यांची. आमच्या मुलीने एकदा अर्धी पिशवी दगड गोळा करायला रिकामी आणली होती, आम्ही काही बोललो नाही. फक्त परतताना ते दगड ॲक्सलच्या वरच्या खणात ठेवले.

पोचल्यावर सगळ्यात आधी काय हाताशी हवं?

चाकांचे ठोकळे, समतोलाच्या फळ्या, हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी. हे बाजूच्या बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, दारालगत. यातली एक वस्तू गाडीमागे अडकली तर उतारावरच्या जागेत गाडी आधी काढावी लागते, आणि ट्रेलर समतोल नसताना ते करणं चुकीचं आहे.

स्लाइड उघडण्याआधी आत डोकावून पाहा. प्रवासात घरंगळलेली एखादी पाण्याची बाटली रुळावर अडकली की मोटर ती चेपत नाही, स्वतः वाकडी होते.

उन्हाळ्यात ट्रेलर बंद ठेवताना काय काढायचं?

आमच्याकडे जून-जुलैत बाहेरच ११० अंश फॅरनहाइट असतं, बंद ट्रेलरमध्ये त्याहून कितीतरी जास्त. स्प्रेचे सगळे डबे, मेणबत्त्या, लायटर, सुट्या बॅटऱ्या, औषधं, सनस्क्रीन बाहेर. खाण्याचा एक कणही नको. सांडलेले चार तांदूळ उंदराला पुरतात, आणि एकदा उंदीर शिरला की वायरीही कुरतडतो. खण बाहेर काढून मागची जागा व्हॅक्यूम करा, तिथेच सगळं साठतं. गाद्या उभ्या करून ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा खेळते. फ्रिजचं दार फटीइतकं उघडं.

थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी हेच ऑक्टोबरात करायचं. फक्त उन्हाऐवजी गोठणं धरा : पाण्याच्या नळ्या रिकाम्या, आणि साबण, तेल, पाण्याच्या बाटल्या अशा सगळ्या पातळ वस्तू घरात.

पट्टे याच वेळी बाहेर काढून उजेडात तपासा. कड उसवलेली, रंग उडून कडक झालेला किंवा शिवण सुटलेला पट्टा कात्रीने मधोमध कापूनच टाका. नुसता कचऱ्यात टाकला तर घरातला कुणीतरी "चांगला आहे की" म्हणून परत पेटीत ठेवतो. आमच्याकडे दोनदा झालं आहे.